भिकू तांडेलांचं राहिलेलं काम

भिकू तांडेल कुठलंही काम पुरं करीत नसत. आळशी होते म्हणून नव्हे. त्यांच्याइतका कामसू म्हातारा मी रत्नागिरीच्या मांडवीत दुसरा पाहिला नाही. पण काम संपत आलं की ते हात आखडता घेत. खाट विणली तर एक दोरी लोंबत ठेवीत. कुंपण घातलं तर एक काठी बांधायची राही. मी राजापूरहून रत्नागिरीच्या शाळेत गणित शिकवायला आलो आणि त्यांच्या शेजारी खोली घेऊन राहिलो, तेव्हा माझ्या खिडकीचं निखळलेलं झडप त्यांनी आपण होऊन बसवून दिलं. बिजागरीला एक स्क्रू लावला नाही. तो माझ्या हातात ठेवला आणि चालते झाले.

गणिताच्या मास्तराला असलं काही खपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्क्रू घेऊन मी त्यांच्या पडवीत हजर झालो आणि हे काय, म्हणून विचारलं. त्यांनी आधी समुद्राकडे पाहिलं. कोणी काहीही विचारलं, अगदी जेवलात का म्हणून विचारलं, तरी ते आधी समुद्राकडे पाहत आणि मग उत्तर देत.

"मास्तर, मचव्याचं समदं काम पुरं करून बंदर सोडू नये," ते म्हणाले. "एक तरी काम बाकी ठेवावं. मग मानूस त्येवढं करायला परत येतो."

जन्म त्यांनी मचव्यावर, म्हणजे शिडाच्या मालवाहू गलबतावर, तांडेलकी करण्यात काढला होता. मंगळुरी कौलं, आंब्यांच्या करंड्या, सुकी मासळी असलं काय काय भरून ते मुंबईपासून कालिकतपर्यंत गेले होते. दर वेळी बंदर सोडताना शिडाचं एखादं ठिगळ शिवायचं ठेवीत, नाहीतर दोरखंडाचं टोक गुंडाळायचं. त्यांच्या हाताखालचा एकही खलाशी कधी दर्यात बुडाला नाही. तांडेल त्याचं श्रेय त्या ठिगळाला देत आणि मी त्यांच्या ढगांवरच्या नजरेला देई. यावरून आमचा वाद पुष्कळदा झाला. हार मानणारा आमच्यात कोणीच नव्हता.

मी आलो तेव्हा त्यांनी मचवा सोडला होता. आगबोटींनी माल ओढून नेला होता आणि उरलेला सर्व्हिस मोटारी नेत होत्या. तांडेल जमिनीवर आले खरे, पण उतरले मात्र नाहीत. न्हाव्यापुढे बसले तरी "उत्तरेकडं जरा ऱ्हायलंय" असं म्हणायचे. बाहेर निघालेल्या माणसाला कुठे निघालात असं विचारणं त्यांना चालत नसे. नुसतं "या परत" म्हणायचं. मी एकदा विसरून त्यांना कुठे म्हणून विचारलं, तर पायरीवरून मागे फिरले, पडवीत बसून पाणी प्याले आणि मग पुन्हा निघाले. माझ्याकडे दिवसभर पाहिलं नाही.

त्यांची बायको केव्हाच गेली होती. मुलगा एकच, सदू. सुकाणू सदूच्या हाती द्यायचं असं त्यांनी तो रांगत होता तेव्हापासून ठरवलं होतं, पण सदूला मोटारींनी वेड लावलं. तो मुंबईला पळाला आणि एका हौशी शेठकडे मेकॅनिक म्हणून राहिला. हे शेठलोक आणि साहेबलोक मुंबईजवळच्या पुळणीवर ओहोटीला मोटारींच्या शर्यती लावत, आणि शेठ मोटार चालवत असताना त्याच्या शेजारच्या आसनावर सदू बसे. बापलेकांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. मुंबईला निघालेल्या प्रत्येक तांडेलाबरोबर म्हातारा सुक्या बांगड्यांची नि सोड्यांची पुरचुंडी मात्र पाठवी. बरोबर निरोप कधीच नसे. सदूकडून रिकामं फडकं धुऊन, घडी घालून परत येई. बापलेकांचा एवढाच काय तो व्यवहार होता.

तीस साल उलटल्यावर एका दिवाळीनंतर सदू आला. एका मचव्यातून आला आणि त्याच्याबरोबर ताडपत्रीखाली झाकलेलं एक धूड आलं. शर्यतीत ती मोटार उलटली होती. शेठ बाहेर फेकला जाऊन वाचला आणि सदू खाली सापडला. बरगड्या जुळल्या, पण आतलं फुप्फुस काही सावरलं नाही. शेठने नवी मोटार आणली आणि ही मोडकी न्यायची तर ने, म्हणून सदूला सांगितलं.

धक्क्यावर मी होतो. सदू काठीला धरून उभा होता, निम्मा झालेला. हमालांनी ताडपत्री काढली. लांबलचक तोंड, माशासारखी निमुळती होत गेलेली शेपटी, दोन अरुंद आसनं, पत्रा चेपलेला आणि चाकांच्या तारा तुटलेल्या. तांडेल मोटारीभोवती एक फेरी मारून आले. मुलाकडे एवढा वेळ त्यांनी पाहिलंच नव्हतं. मग समुद्राकडे पाहिलं आणि विचारलं, "हिचं सुकाणू खय?"

इतक्या वर्षांनी बाप मुलाशी बोलला तो हे बोलला. सदूने चाकाकडे बोट दाखवलं. त्याला एवढा खोकला आला की पुढचं बोलता येईना, आणि म्हाताऱ्याने त्याला धरलं.

सदूची एकच इच्छा होती. मांडवीच्या पुळणीवर, ओहोटीच्या ओल्या घट्ट वाळूत, ती मोटार एकदा पूर्वीसारखी पळवायची आणि आपण तिच्यात बसायचं. सिव्हिल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी तांडेलांना आणि मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं, की पुढचा पावसाळा कठीण आहे, घाटावर कोरड्या हवेत नेलं तर बघा. सदूने साफ नाही म्हटलं. मोटार घाट चढून येणार नव्हती आणि तिच्याशिवाय तो जाणार नव्हता.

मग बापलेक कामाला लागले. सदू पडवीत खाटेवर बसून सांगे आणि तांडेल अंगणात करीत. जड काम असलं की कोल्हापूरच्या सर्व्हिस मोटारीवरचा ड्रायव्हर उस्मान येई. तो सदूचा लहानपणचा मित्र. चेपलेला पत्रा बाजारातल्या तांबटाने ठोकून सरळ केला. आतली लाकडी चौकट पिचली होती, ती तांडेलांनी उंडीच्या लाकडाची नवी केली. मचव्याला चालतं ते मोटारीला का चालू नये, असा त्यांचा सवाल होता, आणि उंडीच्या बाबतीत तरी तो बरोबर ठरला.

पुढे मात्र पंचाईत झाली. एका दुपारी सदूचा डोळा लागला होता. तो जागा झाला तेव्हा म्हातारा इंजिनाच्या झाकणापाशी बसून मन लावून काहीतरी ठोकत होता. झाकणाच्या दोन्ही अंगांना वारा जायला उभ्या चिरा होत्या. तांडेलांना एवढी भोकं पाहवली नाहीत. त्यांनी कापूस आणि राळ घेऊन एकूण एक चीर मचव्याच्या फटी बुजवतात तशी पक्की बुजवून टाकली होती.

सदूने कपाळाला हात लावला. मग हसू लागला. आतली गरम हवा बाहेर जायला त्या चिरा ठेवलेल्या असतात, असं त्याने समजावलं. म्हाताऱ्याने बराच विचार केला आणि विचारलं, "पाणी शिरंल त्याचं काय?" सदू हसता हसता आडवा झाला. दुसऱ्या दिवशी दोघेजण मांडीला मांडी लावून खिळ्याने ती राळ उकरत बसले होते. मी शाळेत जाताना पाहिलं आणि येतानाही पाहिलं. तेवढ्या वेळात ते किती बोलले असतील, देव जाणे. मागच्या सगळ्या वर्षांचं बोलणं त्या चिरांमधून बाहेर निघत असावं.

त्यानंतर मुशीच्या तेलाचा प्रकार झाला. लाकूड टिकावं म्हणून मचव्याला हे माशाचं तेल चोपडतात. तांडेलांनी लाकडाला चोपडलं ते चोपडलं, वर हात फिरता फिरता पत्र्यालाही चोपडलं. मांडवीतली झाडून सगळी मांजरं अंगणात गोळा झाली. माझ्या जेवणाचे हाल झाले, कारण मला आधीच मासळीच्या वासाचं वावडं. मी तक्रार करायला गेलो तर तांडेल म्हणाले, चार महिन्यांनी वास येईनासा होईल. चार महिन्यांनी खरंच येईनासा झाला. पण तो गेला की माझं नाक गेलं, हे मला कधी कळलं नाही.

शिमग्याच्या सुमाराला चाकं चढली. मोटार अंगणातून माडांखालच्या मोकळ्या जागेत ढकलायची होती. उस्मान आणि मी मागून ढकलत होतो आणि तांडेल सुकाणूवर, म्हणजे ड्रायव्हरच्या जागी. सदू खाटेवरून ओरडला, डावीकडे घ्या. तांडेलांनी जन्मभर केलं तेच केलं. मचव्याला डावीकडे न्यायचं तर सुकाणूचा दांडा उजवीकडे रेटावा लागतो. त्यांनी चाक जोर लावून उजवीकडे फिरवलं आणि मोटार आमच्यासकट विहिरीजवळच्या अळूच्या वाफ्यात जाऊन बसली. तांडेल शांतपणे उतरले. उलट्या सुकाणूच्या होडीत आपण पुन्हा त्या जागी बसणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. तेव्हापासून त्यांची जागा शेजारची, मेकॅनिकची. सदू म्हणाला, ती माझी जागा. त्यावर तांडेल म्हणाले, तू आता सुकाणूवर बस. हे ते ज्या आवाजात म्हणाले तो ऐकून मी वाफ्यातली अळूची पानं सारखी करायला लागलो.

वैशाखात मोटार तयार दिसू लागली. इंजिन एकदा दोनदा धडधडून गेलं होतं. सदूचा खोकलाही वाढला होता आणि खोकल्यात रक्त दिसू लागलं होतं. आगोट, म्हणजे पावसाळ्याचं तोंड, जवळ येत होती. मचवे किनाऱ्यावर ओढायला सुरुवात झाली होती. एका संध्याकाळी सदूने बापाला सांगितलं, की परवा अमावास्येची मोठी ओहोटी आहे, उस्मानला सुट्टी आहे, परवाच पुळणीवर काढू.

तांडेल म्हणाले, "आता नाय. आगोटीला कोन होडी बाहेर काढतो? नारळी पुनवेला नारळ देऊ, मग काढू."

सदू म्हणाला, "बाबा, ही होडी नाय."

"माझ्या दारातून निघनार ना? मग होडीच."

सदूने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मला म्हाताऱ्याचा संताप आला. श्रावण कोणी पाहिला होता? मी त्यांना माडांखाली गाठलं आणि डॉक्टर काय म्हणाले त्याची आठवण दिली. रीतभात त्या पोराच्या जिवापेक्षा मोठी आहे का, असंही विचारलं. तांडेलांनी समुद्राकडे पाहिलं.

"मास्तर, पोर त्या गाडीसाठी जीव धरून हाय," ते म्हणाले. "ती पळाली की त्याचं काम पुरं झालं. मग तो कशाला थांबंल? बाकी ऱ्हाऊं दे. बाकी हाय तवर तो हाय."

मी तसाच खोलीवर परत आलो.

दुसऱ्या दिवसापासून एक नवलच झालं. सदूने पुळणीचा विषय काढणंच सोडलं. उलट तोच म्हणू लागला, की मॅग्नेटो बरोबर नाही, ठिणगी नीट पडत नाही, असं घेऊन गेलो तर वाटेत बंद पडेल, श्रावणापर्यंत बघू सावकाश. तांडेल हे ऐकून उजळत. रोज सकाळी मॅग्नेटो काढून सदूच्या खाटेवर आणून ठेवीत. सदू तो पुसे, उलटसुलट करी आणि परत देई. मला वाटलं, नशीबच आडवं आलेलं दिसतंय.

पावसाळा लागला. तांडेलांनी मोटार मचव्यासारखी ओंडक्यांवर चढवून वर माडाच्या झापांचं छप्पर घातलं. सदू पडवीतून तिच्याकडे बघत पडून असे. त्या दिवसांत तो इंजिनाच्या झाकणावरून आवळायचा चामड्याचा पट्टा शिवत होता. चार टाके घातले की दम लागायचा. आषाढातल्या एका दुपारी मी जवळ बसलो होतो. पट्टा शिवून होत आला होता, बकलाजवळचे थोडे टाके राहिले होते. सदूने मेणाचा दोरा सुईला गुंडाळला, सुई चामड्यात खोचली आणि पट्टा उशाशी ठेवून दिला. मी म्हटलं, अरे एवढ्यासाठी कशाला ठेवतोस, दे, मी करतो. तो हसला.

"नको मास्तर. ऱ्हाऊं दे त्येवढं."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो गेला. पाऊस एवढा होता की स्मशानात लाकडं पेटेनात. उस्मानने मोटारीचं पेट्रोल आणलं. तांडेल रडले नाहीत. घरी आल्यावर झापांखाली गेले, मोटारीच्या शेजारच्या आसनावर बसले आणि लोक उठवायला गेले तरी उठले नाहीत. मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता हे सांगितलं पाहिजे. पोराची एवढी एक हौस त्यांनी पुढे ढकलली आणि ती राहून गेली, असं मला वाटत होतं. त्यांनाही तेच वाटत होतं. पुढच्या दिवसांत ते कुणाशी बोलेनात, आणि समुद्राकडे पाहणंही त्यांनी सोडलं.

नारळी पौर्णिमेला दुपारी ते स्वतः उस्मानला बोलवायला गेले. मोटार काढायची म्हणाले. उस्मानने झापं उतरवली. गावातले खलाशी वाजतगाजत नारळ घेऊन किनाऱ्याकडे चालले होते, ते थांबले आणि त्यांनीच दोर लावून मोटार पुळणीवर ओढून नेली. पौर्णिमेची ओहोटी लागली होती. मांडवीची काळी वाळू लांबवर उघडी पडून चमकत होती.

झाकण लागलं, पण पट्टा अर्धवट होता. उस्मान म्हणाला, थांबा, दोन टाके घालतो. तांडेलांनी पट्टा त्याच्या हातून काढून घेतला. ती खोचलेली सुई त्यांनी पाहिली. मग पट्टा कमरेला गुंडाळला आणि झाकण सुंभाच्या दोरीने आपल्या हाताने बांधलं.

उस्मानने हँडल मारलं. माझी अपेक्षा होती, की आता तासभर खटाटोप चालणार, मॅग्नेटो बिघडलेला. पहिल्याच फेऱ्याला इंजिन धडाडून सुरू झालं. लोक मागे सरले. तांडेल मात्र जागचे हलले नाहीत.

"हिचा मॅग्नेटो बिघाडलेला व्हता," ते म्हणाले.

उस्मान हँडल हातात घेऊन उभा होता. त्याचे डोळे भरून वाहत होते. "काका, काय बिघडलं नव्हतं," तो म्हणाला. "वैशाखापासून तयार व्हती. सदूनं मला शपथ घातलीन, बाबांना सांगू नको म्हनून. म्हनाला, गाडी पळाली की बाबांना वाटंल आता मी जातो. त्यांना श्रावणाची आशा हाय तर ऱ्हाऊं दे."

तांडेलांनी समुद्राकडे पाहिलं. आषाढानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

"म्हनजे तो माझ्यासाठी थांबला," ते म्हणाले. "आनि मी त्याच्यासाठी."

मग ते शेजारच्या आसनावर चढून बसले. उस्मानने मोटार सोडली. ती कशी पळाली हे मला सांगता येणार नाही, कारण मला नीट दिसत नव्हतं. पुळणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली, पुन्हा गेली. पेट्रोल संपेपर्यंत तांडेलांनी थांबू दिलं नाही. शेवटी ती पाण्याच्या कडेला आपोआप थांबली. तांडेल उतरले, गुडघाभर पाण्यात गेले आणि त्यांनी नारळ दर्याला दिला. येताना त्यांचा चेहरा सदू असताना दिसायचा तसा दिसत होता. खलाशांनी मोटार ओढत घरी आणली.

पुढल्या वर्षी माझी बदली चिपळूणला झाली. खोली सोडताना खिडकीच्या बिजागरीचा तो राहिलेला स्क्रू मी लावला नाही.

काही वर्षांनी कामानिमित्त रत्नागिरीला जाणं झालं, तेव्हा मांडवीत गेलो. आगोटीचे दिवस होते. मुशीच्या तेलाचा वास गल्लीच्या तोंडाशीच आला, म्हणजे माझं नाक शाबूत होतं. अंगणात नव्या झापांखाली मोटार ओंडक्यांवर चढवलेली होती आणि तांडेल आपल्या जागी, शेजारच्या आसनावर बसले होते. खूप थकले होते. डोळ्यांना कमी दिसत होतं. मला आवाजावरून ओळखलं. ड्रायव्हरचं आसन लख्ख पुसलेलं होतं. मांडीवर तो पट्टा होता, सुई होती तिथेच, दोरा काळा पडलेला.

मी म्हटलं, "तांडेल, पट्टा अजून शिवला नाहीत? द्या इकडे, मला दिसतंय तोवर मी शिवतो."

त्यांनी पट्टा जवळ ओढून घेतला आणि सवयीने समुद्राच्या दिशेला तोंड फिरवलं.

"नको, मास्तर," ते म्हणाले. "त्याचं काम हाय. यील तो करायला."